जुन्या अँबॅसडरमधील हीटरची नकोशी उष्णता: आधी पाणी अडवावे, मग हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्रपूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने पहाडी भागातून एक मार्क टू अँबॅसडर विकत आणली. गाडी तिकडची असल्यामुळे तिच्या डॅशबोर्डखाली हीटरचा डबा बसवलेला आहे. खटका थंडाच्या टोकाला असला आणि पंखा बंद असला, तरी मार्च उजाडल्यापासून पायांवर सतत गरम झळ येते आणि हिंगणघाटपर्यंत जाऊन येईस्तोवर पुढे बसलेल्यांचा जीव नकोसा होतो. गावातील मिस्त्रींनी तीन उपाय सुचवले आहेत: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकावा, हीटरच्या होजमध्ये, म्हणजे पाण्याच्या रबरी नळीत, ठिबक सिंचनाचा कॉक घालावा आणि पायाखाली चंदेरी फोम अंथरावा. यांपैकी काय करावे, आणि हीटर पूर्णपणे काढून टाकला तर गाडीचे मूळ रूप बिघडेल का, असे आपण विचारले आहे.

तीनही उपाय जसे सांगितले आहेत तसे करू नयेत, असे माझे मत आहे. पहिल्याने इंजिनाचे नुकसान होईल, दुसरा भर रस्त्यात दगा देईल आणि तिसरा उष्णता कुठून येते हे न पाहता केल्यास पैसे वाया जातील. हीटर मात्र गाडीतून न काढताही निष्प्रभ करता येतो, आणि तो पुन्हा चालू करण्याची सोय राखता येते. त्यासाठी आधी दोष नेमका कुठे आहे हे ठरवावे लागेल.

आपल्याकडच्या बहुतेक अँबॅसडरांत हीटर नसतोच, त्यामुळे इकडच्या मिस्त्रींचा त्याच्याशी फारसा संबंध आलेला नसतो. रचना साधी आहे. आपल्या गाडीत १४८९ सीसीचे बी-सिरीज पेट्रोल इंजिन आहे. त्याच्या सिलिंडर हेडच्या मागच्या टोकातून गरम पाणी अर्ध्या इंची पुरवठ्याच्या होजने फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापर्यंत, येते, डब्यातील छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, फिरते आणि दुसऱ्या, परतीच्या होजने वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जाते. पाणी हेडमधून बाहेर पडते तेथेच एक व्हॉल्व्ह असतो आणि तो डॅशबोर्डवरच्या खटक्याला केबलने जोडलेला असतो. म्हणजे उष्णता अडवण्याच्या जागा दोन आहेत: व्हॉल्व्ह, जो पाणी अडवतो, आणि डब्यातील झडप, जी हवा अडवते. बहुतेक लोक झडपेच्या मागे लागतात, कारण ती केबिनमधून दिसते, पण खरा दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये असतो.

व्हॉल्व्ह थोडासा गळत असेल तरी किती फरक पडतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर पाणी १० अंशांनी निवते तेव्हा सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता सोडते. बंद समजलेल्या व्हॉल्व्हमधून मिनिटाला एकच लिटर पाणी झिरपत असेल आणि कोअरमधून जाताना ते १० अंशांनी निवत असेल, तर केबिनमध्ये सतत सुमारे ७०० वॅट उष्णता सोडली जाते. पंखा बंद असला तरी यात फार फरक पडत नाही, कारण गाडी धावत असताना बाहेरची हवा डब्यात आपोआप शिरते, आणि गाडी उभी असताना तापलेला डबा आपल्या पत्र्यातूनच उष्णता सोडत राहतो.

आता तपासणीकडे येऊ. गाडी अर्धा तास चालवून इंजिन नीट तापू द्यावे, खटका थंडाच्या टोकाला ठेवावा आणि इंजिन चालू असतानाच बॉनेट उघडून हीटरच्या दोन्ही होजचे तापमान फायरवॉलजवळ मोजावे. ते फायरवॉलजवळच मोजण्याला कारण आहे. परतीच्या होजचे पंपाकडचे टोक इंजिनाच्या सान्निध्याने एरवीही तापलेले असते, आणि तेथे हात लावून पुष्कळ जण फसतात. मोजण्यासाठी पिस्तुलासारखे इन्फ्रारेड थर्मामीटर वापरण्यास हरकत नाही, मात्र पितळी किंवा चकचकीत धातूच्या नळीवर ते प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. म्हणून त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्यावेत आणि टेपवर नेम धरावा. रबरी होजवर ही अडचण येत नाही.

व्हॉल्व्ह खरोखर बंद असेल तर फायरवॉलजवळच्या दोन्ही होज बॉनेटखालच्या हवेइतक्याच तापलेल्या आढळतात. उन्हाळ्याच्या दिवसांत त्या सहज ५५ ते ६० अंशांवर असतात, तेव्हा नुसत्या गरम लागतात म्हणून व्हॉल्व्हवर दोष ठेवू नये. हेडच्या बाहेरचे पाणी ८५ अंशांवर असताना फायरवॉलजवळची पुरवठ्याची होज ७८ किंवा ८० अंश दाखवत असेल, तर पाणी वाहते आहे याबद्दल शंका उरत नाही. पुरवठ्याची होज तापलेली आणि परतीची त्याहून काही अंशांनी थंड आढळली, तर मधली उष्णता नेमकी तुमच्या केबिनमध्ये गेली असे समजावे.

याहूनही निर्णायक कसोटी म्हणजे पुरवठ्याची होज बाहेरून दाबून पाणी पूर्ण बंद करणे आणि त्याच रस्त्याने, त्याच वेळी गाडी पुन्हा फिरवणे. त्यासाठी गोल जबड्याचा होज क्लॅम्प मिळतो, किंवा लॉकिंग पकडीच्या दोन्ही जबड्यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे बांधून काम भागते. होज जुनी, कडक आणि भेगाळलेली असेल तर मात्र दाबू नये, कारण ती तेथेच फाटते आणि ९० अंशांचे पाणी हातावर येते. अशी होज एरवीही बदलायचीच असते, म्हणून ती आधी बदलावी आणि मग कसोटी घ्यावी. दाबून फिरवल्यावर पायांवरची झळ स्पष्टपणे कमी झाली, तर हीटरच दोषी. काहीच फरक पडला नाही, तर उष्णता फायरवॉल, गिअरबॉक्सचे आवरण किंवा सायलेन्सरच्या पाइपाकडून येते आहे, आणि मग हीटरवर खर्च करण्यात अर्थ नाही.

येथे आणखी एक खूण उपयोगी पडते. या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग, डाव्या बाजूला आहे आणि धुराचा पाइप तेथूनच खाली उतरतो. डावीकडे बसलेल्या माणसाचे पाय पोळतात आणि चालवणाऱ्याला तितके जाणवत नाही, अशी तक्रार असेल तर मी आधी धुराच्या पाइपाकडे पाहतो. झळ डॅशबोर्डच्या खालून, मधोमध आणि दोघांनाही सारखीच लागत असेल तर हीटरकडे. आपल्या वर्णनावरून तुमची गाडी दुसऱ्या प्रकारात मोडते असे दिसते, तरी होज दाबून पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

व्हॉल्व्ह दोषी ठरला असे धरून पुढे जाऊ. सर्वांत आधी केबल पाहावी, कारण तिला खर्च नाही. केबलचे बाहेरचे वेष्टण एका छोट्या क्लिपखाली धरलेले असते. ती क्लिप सैल झाली की खटका ओढल्यावर आतल्या तारेऐवजी वेष्टणच सरकते, आणि खटका पूर्ण फिरला तरी व्हॉल्व्हचा दांडा अर्ध्यावरच राहतो. इंजिन थंड असताना तार सोडावी, व्हॉल्व्ह हाताने पूर्ण बंद करावा, खटका थंडाच्या टोकापासून किंचित अलीकडे ठेवावा आणि त्या स्थितीत तार व वेष्टण दोन्ही घट्ट करावेत. खटका टोकाला टेकण्याआधी व्हॉल्व्ह टेकला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत उलट असते, आणि खटका टोकाला गेला म्हणून मालक निश्चिंत राहतो.

हाताने पूर्ण बंद करूनही पाणी वाहत असेल तर व्हॉल्व्ह काढावा लागेल. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याची पातळी हेडच्या खाली येईल इतके पाणी काढून घ्यावे. व्हॉल्व्ह दोन स्टडांवर बसलेला असतो. हे स्टड बहुधा वर्षानुवर्षे हललेले नसतात, म्हणून आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि नट सोडवताना एकदम जोर न लावता पुढे-मागे हलवत सोडवावा. स्टड हेडमध्ये तुटला तर तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते आणि लेथवाल्याकडे जावे लागते.

व्हॉल्व्ह उघडल्यावर आत काय दिसते ते सांगतो, म्हणजे ओळखता येईल. बसण्याच्या कडेवर, ज्याला आम्ही सीट म्हणतो, पांढरट-पिवळी खडबडीत पुटे चढलेली असतात, नखाने खरवडली तर ती खपलीसारखी निघतात. रबरी वॉशर एका बाजूने फुगलेला आणि दुसऱ्या बाजूने झिजलेला असतो, आणि त्याच्यावर सीटच्या कडेचा गोल वण उमटलेला असतो. तो वण पूर्ण वर्तुळाचा नसेल तर जेथे तुटला आहे तेथून पाणी जात होते असे समजावे. ही पुटे बोअरच्या पाण्याची आहेत. आपल्या भागातील बोअरचे पाणी जड आहे, घरच्या भांड्यांत त्याचे जसे थर बसतात तसेच ते इंजिनात बसतात, आणि जेथे पाणी कमी फिरते तेथे सर्वांत आधी बसतात. व्हॉल्व्ह पितळी असेल तर रबरी भाग वेगळे काढून तो कोमट पाण्यात निंबूसत्व घालून दोन-तीन तास भिजत ठेवावा, मऊ ब्रशने घासावा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून स्वच्छ धुवावा. ॲल्युमिनियमच्या भागांना हा उपचार करू नये. वॉशर नवीन, उष्णता सोसणाऱ्या रबराचा घालावा. खाली नवीन गॅस्केट लावावे आणि नट एकाआड एक, सारखे आवळावेत.

बाजारात या धाटणीचे नवीन व्हॉल्व्ह मिळतात. ते घेण्यास माझी ना नाही, पण बसवण्याआधी एक करावे: व्हॉल्व्ह बंद करून एका टोकाला होजचा तुकडा लावावा आणि तोंडाने जोरात फुंकर मारून पाहावी. जो व्हॉल्व्ह फुंकरीला दाद देतो, तो पंपाच्या दाबाला काय अडवणार? नवीन म्हणून आणलेले व्हॉल्व्ह या साध्या कसोटीत नापास होताना मी पाहिले आहेत.

माझा स्वतःचा कल मात्र वेगळ्या उपायाकडे आहे. मूळ व्हॉल्व्ह दुरुस्त करून जागेवर ठेवावा, आणि त्याच्या पुढे पुरवठ्याच्या होजमध्ये, बॉनेटखाली हात पोहोचेल अशा ठिकाणी, एक पितळी पाव फेऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह घालावा. होळी झाली की तो बंद करायचा आणि दिवाळीनंतर उघडायचा. कॉम्प्रेसर आणि फवारणी यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या वर्ध्या-नागपूरच्या दुकानांत दोन्ही टोकांना होज बसेल असा अर्ध्या इंची पितळी कॉक मिळू शकतो. आतील गोळा टेफ्लॉनच्या सीलवर बसणारा असावा. होजला दोन्ही बाजूंना स्क्रूची क्लिप लावावी, कॉकचे वजन होजवर लोंबकळू देऊ नये, फायरवॉलला पट्टीने आधार द्यावा, आणि कंपनाने दांडा फिरू नये म्हणून बंद स्थितीत तो तारेने बांधावा. ॲक्सिलरेटरच्या जोडणीला दांडा लागत नाही ना, हे बॉनेट बंद करण्यापूर्वी पाहून घ्यावे. व्हॉल्व्ह पुरवठ्याच्या बाजूलाच घालावा. परतीच्या बाजूला घातला तरी प्रवाह थांबतो, पण कोअर हेडच्या गरम पाण्याशी जोडलेला राहतो आणि थोडी उष्णता आत येतच राहते.

ठिबकच्या कॉकबद्दल. तो १६ मिमीच्या नळीचा असल्यामुळे अर्ध्या इंची होजमध्ये थोडा जोर लावल्यावर घट्ट बसतो, चार-पाच रुपयांत कुठल्याही कृषी केंद्रात मिळतो, आणि बसवल्या दिवशी पाणीही अडवतो. म्हणूनच तो लोकांना आवडतो. पण तो शेतातल्या पाण्यासाठी केलेला आहे. ८५–९० अंशांचे पाणी आणि त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब असताना ते प्लॅस्टिक हळूहळू मऊ पडते, क्लिपखाली दबते आणि एके दिवशी होज निसटते. मग सारे पाणी मिनिटाभरात रस्त्यावर जाते, आणि गेजचा काटा खोटे बोलू लागतो, कारण त्याच्या टोकाशी पाणीच उरलेले नसते. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपलाइनची पीव्हीसी फिटिंगही चालणार नाही, साधी यूपीव्हीसी ६० अंशांच्या पुढे वापरायचीच नसते. हेड वाकले की होणारा खर्च आणि पितळी कॉकची किंमत यांची तुलना करण्याचीही गरज नाही.

थर्मोस्टॅटचा सल्ला का चुकीचा आहे तेही पाहू. या इंजिनांसाठी साधारणपणे ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असे, उष्ण प्रदेशासाठी ७४ आणि थंड प्रदेशासाठी ८८ अंशांचा. तुमची गाडी पहाडातून आली असल्यामुळे तिच्यात ८८ चा असण्याची शक्यता आहे. तो काढून पाहावा, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. ८८ चा निघाला तर ८२ चा किंवा ७४ चा बसवणे योग्यच आहे, पण त्याने केबिनमधील झळ जाईल अशी अपेक्षा धरू नये. केबिनमधील हवा ४५ अंशांवर आहे असे धरा. ८२ अंशांच्या पाण्याशी तिचा फरक ३७ अंशांचा, ७४ अंशांच्या पाण्याशी २९ अंशांचा, म्हणजे हीटरची उष्णता सुमारे पाचव्या हिश्श्यानेच कमी होईल. तीही सकाळी. भर दुपारी गाडी ओझ्याने चालत असताना पाणी ९० च्या पुढे जाते तेव्हा ७४ चा काय आणि ८२ चा काय, दोन्ही थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलेच असतात आणि पाण्याचे तापमान रेडिएटर ठरवतो. थर्मोस्टॅट मुळातच काढून टाकला तर इंजिन सकाळी बराच वेळ थंड राहते, जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि झीज वाढते. त्या बदल्यात पायांना काहीही मिळत नाही.

हीटर कायमचा बंदच करायचा असेल तर दोन रीती आहेत. एक, कोअरकडे जाणाऱ्या दोन्ही होज काढून हेडचे तोंड व परतीचे तोंड एकाच होजने बॉनेटखालीच जोडायचे. दुसरी, हेडवरचा व्हॉल्व्ह काढून तेथे गॅस्केटसह पोलादी किंवा पितळी पट्टी बसवायची आणि परतीच्या तोंडाला बूच मारायचे. अँबॅसडरमध्ये मी दुसरी पसंत करतो, कारण होज जितक्या कमी तितक्या गळण्याच्या जागा कमी. ज्या गाड्यांमध्ये थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरण्यासाठी हीटरचाच मार्ग ठेवलेला असतो, तेथे मात्र तो कधीही बुजवू नये, जोडहोज घालावी किंवा चार तोंडांचा बायपास व्हॉल्व्ह घ्यावा. दुसऱ्या कोणत्या गाडीवर हे वाचून काम करणार असाल तर तिची रचना आधी पाहून घ्या. उदाहरणार्थ, डब्ल्यू १२३ या जुन्या मर्सिडीजच्या काही गाड्यांमध्ये हीटरचा व्हॉल्व्ह विजेवर बंद होतो, वीज तुटली किंवा आतला पडदा फाटला की तो उघडाच राहतो आणि मे महिन्यात पूर्ण हीटर चालू होतो. तेथे झडप, केबल यांपैकी काहीच शोधू नये.

दोन्हींपैकी कोणतीही रीत केली तरी कोअर पाण्याने भरलेला सोडू नका. होज काढल्यावर फुंकून, शक्य असल्यास कमी दाबाच्या हवेने, तो रिकामा करावा आणि दोन्ही तोंडे रबरी टोप्यांनी झाकावीत, नाहीतर झळाईचे जोड आतून खराब होतात आणि घुंगुरटी घर करतात ते वेगळेच. काढलेला व्हॉल्व्ह, केबलची क्लिप आणि स्क्रू एका डब्यात चिठ्ठी घालून डिकीत ठेवावेत. डबा आणि खटका जागेवर राहिले आणि सामान सोबत असले की गाडीचे मूळ रूप बिघडले असे कोणीही जाणकार म्हणणार नाही.

पाणी अडवल्यानंतरच हवेकडे वळावे. डब्यातील झडपेच्या कडेला मूळचा फोम असतो. तो इतक्या वर्षांत भुगा होऊन खाली पडलेला असतो, आणि झडप बंद दिसली तरी कडेने बोटभर फट राहते. तेथे गादीचा फोम चिकटवू नये, तो एका पावसाळ्यात विरतो. दाराच्या सीलसाठी मिळणारी बंद छिद्रांची रबरी पट्टी वापरावी, आणि झडप बंद करून कागदाची पट्टी कडेने सरकवून पाहावी. कागद अडला की झाले. जुन्या डब्यात किंवा मॅनिफोल्डजवळ राखाडी, तंतुमय पुठ्ठ्यासारखे पॅकिंग आढळले तर ते खरवडू नये, झाडू नये. त्या काळी त्यात ॲस्बेस्टॉस सर्रास असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

फायरवॉलची भोके हा वेगळा विषय असला तरी येथे सांगणे भाग आहे. रात्री अंधारात गाडी उभी करून बॉनेटखाली चांगला दिवा लावावा, बॉनेट टेकवावे आणि आत बसून डॅशबोर्डखाली डोके घालून पाहावे. स्टिअरिंगचा दांडा, पेडलांच्या फटी, वायरींचा जुडगा, स्पीडोमीटरची केबल, हीटरच्या होजची भोके, या सगळ्यांभोवती जेथे उजेड दिसेल तेथून बॉनेटखालची तापलेली हवा आत येते. रबरी ग्रोमेट जागोजागी मिळतात, बाकीच्या ठिकाणी उष्णता सोसणारे सीलंट वापरावे. या फटींमधून एक्झॉस्टचा धूरही आत येऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून काचा लावून गाडी चालवताना डोके जड होत असेल तर उष्णतेचा विचार बाजूला ठेवून आधी एक्झॉस्टचे जोड तपासावेत.

चंदेरी फोमचे काय? चकाकणारा थर उष्णता परतवतो हे खरे, पण त्यासाठी त्याच्या एका बाजूला मोकळी हवा लागते. पत्र्याला चिकटवून त्यावर मॅट अंथरली की तो जवळजवळ साध्या फोमसारखाच वागतो. धुराच्या पाइपाची झळ अडवायची असेल तर खालून, पाइप आणि फ्लोअर यांच्या मध्ये, दोन्हीकडे बोटभर अंतर राहील असा ॲल्युमिनियमचा पत्रा टांगावा. पत्र्याच्या गोठ्यावर उन्हाळ्यात आपण पऱ्हाटी टाकतो तेव्हा जे काम होते तेच हे काम आहे, ऊन दुसऱ्यानेच अंगावर घ्यायचे. आतून काही अंथरायचेच असेल तर ब्युटाइलचा थर आणि वर दाबलेला नमदा असा क्रम ठेवावा. घराच्या छतावर टाकायचे डांबरी कापड गाडीत वापरू नये, तापले की त्याचा वास डोक्यात भिनतो. काचलोकर तर मुळीच नको. नमद्याखाली पावसाचे पाणी मुरले तर फ्लोअर गंजतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एकदा तरी मॅट उचलून पाहावी.

काम झाल्यावर पाणी भरताना एक चूक हमखास होते, व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी भरले जाते. मग कोअरमध्ये आणि हेडच्या मागच्या भागात हवा अडकते आणि गाडी विनाकारण तापते. व्हॉल्व्ह उघडा ठेवून, गाडीचे तोंड चढाकडे करून, इंजिन संथ चालवत पाणी भरावे. बुडबुडे थांबले आणि दोन्ही होज सारख्या तापल्या की व्हॉल्व्ह बंद करावा. पाणी बोअरचे नको. तयार कूलंट घ्यावे किंवा गंजरोधक कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंटची गरज नाही असे पुष्कळांना वाटते, पण त्यातील गंजरोधक द्रव्यांची गरज येथेही तितकीच आहे. झाकणाचे रबरही पाहून घ्यावे. ७ पौंड दाबाच्या झाकणाखाली पाणी सुमारे १११ अंशांना उकळते, रबर फाटलेले असेल तर १०० लाच. आणि गरम इंजिनाचे झाकण उघडायचे नाही, हे घरातल्या पोरांनाही बजावून ठेवा.

अपेक्षा किती ठेवावी तेही सांगतो. मे अखेरच्या नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना, एसी नसलेल्या गाडीत ४५ च्या खाली काही येणार नाही. हीटर, फटी आणि धुराचा पाइप यांनी त्यावर घातलेली भर काढून टाकणे एवढेच आपल्या हाती आहे. ती भर गेली की समोरच्या दारांच्या छोट्या तिकोनी काचा उलट्या फिरवून येणारा वारा खरोखर उपयोगी पडतो, एरवी तो तापलेली हवाच फिरवत राहतो. टपावरचे ऊन आणि काचेतून येणारी तिरीप ही हीटरची जबाबदारी नाही. पांढरा रंग आणि उभ्या गाडीच्या काचेवर झाकण यांनी तेथे जेवढे साधते तेवढेच साधते.

हीटर उघडण्याची सोय ठेवा असे मी म्हणतो त्याला दोन कारणे आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाजार समितीत कापूस घेऊन जाणाऱ्या गाडीमागे काच धुरकटते तेव्हा हीटरची गरम हवा काच लवकर साफ करते. दुसरे म्हणजे, कधी चढावर किंवा रेल्वे फाटकाशी अडकून काटा वर चढू लागला, तर हीटर पूर्ण उघडून पंखा लावल्यास तो जादा रेडिएटरचे काम करतो. पाय भाजतात, पण गाडी सावलीपर्यंत पोहोचते. असे वारंवार करावे लागत असेल तर मात्र रेडिएटर आतून बुजला आहे किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे गेले आहे. मागे पडलेल्या टायमिंगने एक्झॉस्ट तापतो आणि पर्यायाने फ्लोअरही, तेव्हा ते आधी लावून घ्यावे.

दिवाळीनंतर कॉक पहिल्यांदा उघडाल तेव्हा पंधरा मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवून डब्याखाली कागद पसरून पाहा. कागद ओला झाला, काचेवर आतून चिकट पडदा धरला किंवा गोडसर वास आला, तर कोअर फुटला आहे. कॉक लगेच बंद करा आणि कोअर काढून रेडिएटरवाल्याकडे झळाईला द्या.